छातीलोक पाणी

"बर्फाचं बाई पानी, जसी कट्यारीची धार
माहा आमोस राजा, गेला छातीलोक पार.
पाद्रीबाबाच्या हाती, बुडे माहा नवरदेव
वर येता त्याले दिसे, आभायात येशूदेव."

सगुणामायचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. वरून किनरा, पण तळाशी जात्यातल्या पिठासारखा भरड. खैरीच्या आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत कुणाचाही बाप्तिस्मा असला की सापन नदीच्या काठावर बाया ही ओवी म्हणायच्या, आणि पहिली ओळ सगुणामायच उचलायची. ओवी तिची, लेक तिचा, आणि ओवीतला पाद्रीबाबा म्हणजे मी, शांतवन अंभोरे. फौजेत बावीस वर्षं पाद्री होतो, नंतर खैरीचा पास्टर झालो.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी ती ओवी सात वर्षं ऐकली. लोकांना वाटायचं, पास्टर थंडीनं कुडकुडताहेत.

त्या जानेवारीतल्या मंगळवारी सगुणामाय सुनेला घेऊन माझ्या ओसरीवर आली, तेव्हा मी बूट पॉलिश करत बसलो होतो. नोकरी सुटली तरी मंगळवारी आणि शनिवारी बुटात तोंड दिसल्याशिवाय मला चैन पडत नसे.

"घ्या, इथं बी परेडच चालू हाय," सगुणामाय पायरीवर टेकत म्हणाली. "कोनाले सलामी द्याची हाय जी पास्टर? सापनेतल्या म्हशींले?"

"म्हशी बऱ्या, माय. त्या ओळीत तरी चालतात. आपल्या मंडळीला दहाची उपासना सांगितली की साडेदहाला येते."

"तुमचा उपदेश लांबते म्हून. अर्धा चुकला त तेवढाच फायदा."

वच्छला हसली नाही. दोनच पायऱ्या होत्या, पण ती मध्ये थांबून वर आली होती. हातात एक्स-रेची पिशवी, ओठांवर जांभळट छटा. खाली बसली ती भिंतीला पाठ लावूनच.

वच्छला म्हणजे आमोसची विधवा. बाजूच्या पांढरी गावची, माळ्याच्या घरातली. घरच्यांशी भांडून तिनं आमोसशी लग्न केलं आणि सव्वा वर्षात तो गेला. माहेरी परत जाता आलं असतं, गेली नाही. दर शनिवारी प्रार्थनागृह झाडायची, रविवारी दाराजवळ शेवटच्या सतरंजीवर बसायची. पण बाप्तिस्मा तिनं घेतला नव्हता. आमच्यात तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. माणसानं मोठं व्हावं, स्वतःच्या तोंडानं 'माझा विश्वास आहे' म्हणावं, मग आख्खा देह पाण्याखाली जावा आणि वर यावा. जुनं माणूस पुरायचं, नवं उठवायचं. त्यात कुणी कुणाला ढकलायचं नसतं. वच्छलाला तेरा वर्षांत कुणी ढकललं नव्हतं.

"सोमवारी नागपूरले नेतो हिले," सगुणामाय म्हणाली. "काळजाची झडप खराब झाली म्हनते डाक्टर. कापून दुसरी बसवाची हाय."

"तिमथी मास्तरांनी सांगितलं मला."

"मास्तरच्या पोटात काई राह्यते काय! बरं, जे त्याले बी मालूम नाई ते ऐका. सांग वं तूच."

वच्छलानं पदर सारखा केला. "बाबा, मले या रविवारी बाप्तिस्मा घ्याचा हाय."

मी ब्रश खाली ठेवला. पास्टरच्या आयुष्यात असे क्षण मोजके येतात, आणि मला खरंच आनंद झाला. तेवढ्यात तिच्या मानेवरची शीर उडताना दिसली.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. थंड पान्यात जाऊ नको म्हने. दम कोंडू देऊ नको म्हने." ती एकेक वाक्य श्वास घेऊन बोलत होती. "तसी बी मी आडवी नाई होत आता. भितीले टेकूनच निजतो. आडवी झाली का छातीवर कोनी बसल्यावानी होते."

"मग आधी ऑपरेशन होऊ दे. बरी हो. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की..."

मी मध्येच थांबलो. ते शब्द तोंडात आले आणि त्यांची चव मला ओळखीची लागली.

"उन्हाळा कोनी पाह्यला, बाबा?" वच्छला म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "अन् नागपूरहून नाई आली त?"

चाचरत म्हणालो, "बसल्या जागी डोक्यावर पाणी ओतून काही करता येतं का, मी मंडळीला विचारून..."

"ओतून?" सगुणामाय ताडकन उठली. "रोपाले ओततात पानी, पास्टर. मानसाले बुडवतात. तुमीच शिकवलं न आमाले? माह्या आमोसले बर्फ फोडून बुडवलं तुमी, त्याले काई झालं? अन् हिले सापनेचं पानी बाधते? बायबलातला थो नामान सात खेपा बुडला यार्देन नदीत, त त्याचं कोड गेलं. हे त एकच खेप बुडन. काळीज बी धुवून निंघन तिचं."

"माय, ही गोष्ट वेगळी आहे."

"कायची वेगळी? तिले भेव नाई, मले भेव नाई, तुमालेच कायचं भेव?"

वच्छलानं सासूचा हात धरून खाली बसवलं. सासवासुनांत असं प्रेम मी फार थोड्या घरांत पाहिलंय. रात्री भिंतीला टेकून झोपणाऱ्या सुनेच्या पाठीशी ही म्हातारी आपली गोधडी घडी करून लावायची आणि स्वतः उघडी निजायची. तिला वच्छला मरायला नको होती. तिची खात्री होती की पाणी तिला तारील.

"मले बी तसाच पायजे, बाबा," वच्छला म्हणाली. "त्यायनं घेतला तसा. पुरा."

त्या दोघी गेल्यावर मी एका बुटाला पॉलिश केलं आणि दुसरा तसाच ठेवला.

तेरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा खैरीत आलो तो आमोसच्या पेटीसोबत. फौजेत पाद्रीचं काम नुसतं रविवारच्या प्रार्थनेचं नसतं. पंडितजी, मौलवी आणि मी, आमच्या पलटणीत तिघांना मिळून एक खोली आणि एकच शेगडी होती. पोरांची पत्रं वाचून दाखवायची, घरची भांडणं ऐकायची, इस्पितळात हात धरून बसायचं, आणि कुणी गेलं तर त्याला त्याच्या गावी पोचवायचं. आमोस सरकटे वरच्या चौकीवर होता. नाताळाला मी तिथं गेलो होतो, बर्फ पडलं म्हणून बारा दिवस अडकलो, मग खाली आलो. मी उतरल्यावर नवव्या दिवशी बर्फाचा कडा सुटला आणि चौकीवरच्या चौघांना घेऊन गेला.

खैरीच्या वेशीवर मोठी गर्दी होती. पेटी उतरवली, झेंडा घडी करून सगुणामायच्या हाती दिला. तिनं तो कडेवर लेकरू घ्यावं तसा घेतला. रडली नाही. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून सरळ माझ्याकडे आली आणि इतक्या हळू बोलली की बाजूच्या सुभेदारालाही ऐकू गेलं नसेल.

"तुमी त्याचे पाद्री न? येकच सांगा. झाला होता का जी त्याचा बाप्तिस्मा?"

मी म्हणालो, "हो."

झाला नव्हता.

एकदा 'हो' म्हटलं की पुढचं आपोआप द्यावं लागतं. कुठं? नाल्यावर. नाला त गोठला असन? बर्फ फोडलं. पानी किती? छातीइतकं. प्रत्येक उत्तरासरशी तिचा चेहरा उजळत गेला आणि मी देत गेलो. दफनानंतर तिमथी मास्तरांनी मंडळीचं रजिस्टर पुढं केलं आणि मी माझ्या अक्षरात आमोसचं नाव लिहिलं, सही केली. सहा वर्षांनी माझी नोकरी संपली, तेव्हा खैरीच्या मंडळीचं बोलावणं आलं. माझं नाव सगुणामायनंच सुचवलं होतं. म्हणाली होती, ज्यानं माह्या लेकाले देवाच्या हाती देल्लं तोच पास्टर आमाले पायजे. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. एक होतं, ते सांगता येत नव्हतं.

गुरुवारी मी तिमथी मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे मंडळीचे थोरले डीकन, कारभारी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याला अजून पाचवीतलाच समजत.

"घरच्या हौदात कोमट पाणी भरू," ते म्हणाले. "मी स्वतः चार घागरी तापवून देतो."

"डॉक्टरांशी बोललो मी. पाण्याच्या थंडीपेक्षा त्यांना श्वासाची काळजी आहे. आडवी करून पाण्याखाली नेली आणि दम कोंडला, तर काळीज तिथंच थांबेल म्हणाले."

"मग ऑपरेशननंतर."

"ती थांबायला तयार नाही. आणि मास्तर, तिला थांब म्हणणं माझ्याच्यानं होत नाही."

"मग बुडवा. पण ओतणं-बितणं काढू नका. सत्तर वर्षांत या मंडळीनं एकाही डोक्यावर पाणी ओतलेलं नाही." त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर नख टेकवलं. "हा पाहा. हिच्याच नवऱ्याचा दाखला. बर्फ फोडून घेतला पठ्ठ्यानं. अक्षर ओळखता न कुणाचं आहे?"

मी म्हणालो, "ओळखतो."

आमच्या बाप्तिस्म्याच्या डोहाला गावात म्हसोबाचा डोह म्हणतात. नाव बदलावं असा ठराव एकदा मंडळीत आला होता, पण म्हसोबानं कधी तक्रार केली नाही, मग आम्हीच कशाला करायची, असं म्हणून तो मागं पडला. त्या रविवारी डोहावरून वाफ निघत होती. काठावर चाळीसेक माणसं शाली आणि घोंगड्या पांघरून उभी. वच्छला पांढरं लुगडं नेसून आली होती. लागली तर असावी म्हणून एक जीप वरच्या रस्त्यावर उभी करून ठेवायला मी सांगितलं होतं.

तिच्याशी मी काठावर शेवटचं बोलून पाहिलं. "वच्छला, विश्वास तुझा झालाच आहे. पाणी ही त्याची खूण आहे. खुणेसाठी जीव धोक्यात घालू नये."

"त्यायनं घातला होता न?"

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मी तिथंही दिलं नाही. वाटलं, हळूच बुडवीन, पापणी लवायच्या आत वर काढीन. सात वर्षांचा हात आहे. देव सांभाळील. भित्रं माणूस आपलं ओझं देवावर टाकतं आणि त्याला विश्वास म्हणतं.

ती पाण्यात आली. घोट्याइतकं, गुडघ्याइतकं, कमरेइतकं. दर पावलाला थांबत होती. सगुणामायनं काठावरून ओवी उचलली आणि बाया तिच्यामागं लागल्या.

"येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे, असा तुझा विश्वास आहे?"

"हाय."

"त्याच्या मागं चालशील?"

"चालीन."

मी डावा हात तिच्या पाठीमागं धरला. तिनं रुमाल नाकाशी नेला. ओल्या लुगड्यातून तिचं काळीज माझ्या तळव्याला लागत होतं. सुपात पाखडताना दाणे उडतात तसं, वाटेल तसं, ताल नसलेलं. काठावर ओवी 'बुडे माहा नवरदेव'पर्यंत आली होती. मी तिला मागं झुकवलं. पाणी अजून खांद्यालाही लागलं नव्हतं, तोच तिचा श्वास अडकला. डोळे वर गेले, बोटं माझ्या बाहीत रुतली.

मी तिला सरळ उभी केली आणि धरून ठेवली. बऱ्याच वेळानं तिच्या छातीत हवा गेल्याचा आवाज आला.

"काय झालं?" काठावरून सगुणामाय ओरडली. "बुडवा न पास्टर! अर्ध्यात कायले सोडलं?"

"नाही बुडवत, माय."

"भेता काय? तवा बर्फात नाई भेले न आता..."

"बर्फात मी कुणाला बुडवलं नाही."

पाण्यावरून आवाज लांब जातो. मागं उभी असलेली माणसंही पुढं सरकली.

"आमोसचा बाप्तिस्मा झाला नव्हता," मी म्हणालो. "तिथं नाला नव्हता, डोह नव्हता. बर्फ वितळवून पाणी प्यायचो आम्ही. बुडवायला पाणीच नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो, माय. मास्तर, रजिस्टरातही मी खोटं लिहिलं."

सगुणामायचं तोंड ओवीच्या शब्दावर उघडं राहिलं होतं, ते तिनं मिटलं. तिमथी मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि घातलाच नाही.

वच्छलानं माझी बाही सोडली नव्हती. "म्हंजे त्यायनं घेतलाच नव्हता?"

"नाही, पोरी."

ती पाण्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ती वळेल, काठाला जाईल, आणि तसं झालं असतं तर मी तिला दोष दिला नसता. तेरा वर्षं ती ज्याच्या पावलावर पाऊल ठेवत इथवर आली होती, ती पावलंच मी खोटी ठरवली होती.

"तरी मी आलीच न पान्यात," ती म्हणाली. स्वतःलाच सांगत होती. मग माझ्याकडे बघून, "त्यायच्यासाठी आली असं मले वाटे. पन आता ते नाईत इथं, तरी मी हावो. मले द्या, बाबा. बुडता नाई येत त जसा देता येते तसा द्या."

"पास्टर!" मास्तरांचा आवाज चिरका झाला. "असं आपल्यात चालत नाही."

"ठाऊक आहे मला, मास्तर. हे 'चालत नाही' माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. उद्या मंडळीनं मला काढून टाकावं. पण आज हिला मी हात हलवत परत पाठवणार नाही."

मी ओंजळ भरली. पित्याच्या नावानं, पुत्राच्या नावानं, पवित्र आत्म्याच्या नावानं. तीन ओंजळी. पाणी तिच्या भांगातून कपाळावर आलं, पापण्यांवर थबकलं, हनुवटीवरून डोहात परत गेलं. ती उभीच होती आणि श्वास घेत होती. कुणी ओवी म्हटली नाही. पार उशिरा, घसा खाकरून, एकाच माणसानं 'आमेन' म्हटलं. ते तिमथी मास्तर होते. टोपी त्यांच्या हातात होती.

वच्छला नागपूरहून नवी झडप घेऊन परत आली. आज खैरीची अंगणवाडी तीच चालवते. मंडळीनं माझ्यावर तीन बैठका घेतल्या, वर्षभर प्रभुभोजन द्यायला मनाई केली, रजिस्टरातली ती ओळ लाल शाईनं खोडली, आणि मला ठेवून घेतलं. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी बायांनी वच्छलाला घोंगडीत गुंडाळून जीपकडे नेलं, माणसं माझ्याकडे न बघता पांगली, आणि मी काठावर आलो तेव्हा सगुणामाय एकटी दगडावर बसली होती.

कपड्यांतून पाणी गळत होतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती डोहाकडेच बघत होती.

"तेरा वर्सं म्हटली मी ते ओवी," ती म्हणाली. "पोरींले शिकवली. पार परतवाड्याच्या बाया म्हनतात आता."

"हो, माय."

"तुमी पान्यात उभे राहून आयकत होते."

"हो."

"खोट्याचा राग नाई आला मले अजून. येईन. घरी गेल्यावर, चूल पेटवाले बसली का येईन. तवा समोर येऊ नका."

"नाही येणार."

पलीकडच्या काठावर एक म्हैस पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत बसली.

"सोळा वर्साचा होता तवापासून म्हनत होती मी त्याले. घे बाप्पा, बाप्तिस्मा घे. त हासे. म्हने, माय वं, कपडे वले करून कोनी देवाचं होते काय? फौजेत जाताना बसस्टँडवर म्हटलं, तवा बी हासला." तिनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. "मंग तुमी आले पेटीसंगं अन् हो म्हटलं. म्या म्हटलं, चला, लेक गेला पन देवाचा होऊन गेला. त्यावर जगली मी, पास्टर. भाकरीवर नाई जगली."

"माय, बाप्तिस्म्यानं तारण होत नाही. विश्वासानं होतं. त्याच्या मनात..."

"ते शिकवू नका मले. तेच त इचारून राह्यली." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "होता का त्याचा विश्वास? नसनच. असता त मागितला असता त्यानं. पानी नव्हतं ते ठीक हाय, पन तोंडानं त मागितला असता न? नकोच होता त्याले. हासतच गेला तो. एवढं खरं सांगा, मंग मी उठतो."

डोहात उभं राहून मी सगळं सांगितलं असं लोकांना वाटलं होतं. मलाही वाटून घ्यायचं होतं. पाणी नव्हतं, हे म्हणताना मी स्वतःला केवढं वाचवलं होतं, ते तिच्या त्या तोंडाकडे बघून मला कळलं. 'नको होता' म्हटलं असतं तर ती उठली असती, घरी गेली असती, आणि माझं उरलेलं माझ्यापाशीच राहिलं असतं.

मी तिच्या पायांपाशी वाळूत बसलो.

"मागितला होता, माय."

ती हलली नाही.

"नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला माझ्याकडे. शेगडीवर मोठं पातेलं होतं, बर्फ वितळत होतं त्यात. हसत नव्हता. म्हणाला, साहेब, मायले लिहाचं हाय मले का झाला म्हून, आताच द्या. मी म्हटलं, इथं बुडवायला जागा नाही. तर म्हणाला, हे पातेलं हाय न, हेच टाका डोक्यावर, देवाले काय मोजमाप लागते? मी म्हटलं, आपल्यात असं चालत नाही, मे महिन्यात खालचा नाला मोकळा झाला की तिथं उतरून घेऊ, तोवर थांब. मी खाली उतरायला निघालो त्या दिवशी तो पुन्हा आला. टोपी काढून, डोकं खाली वाकवून उभा राहिला माझ्यासमोर. पाणी होतं, माय. पातेलंभर होतं. मीच दिलं नाही."